दिवेलागणीचं दार

त्या दुनियेत मी पहिल्यांदा मेले ती आईच्या संस्कारांमुळे.

संध्याकाळ होत आली होती. चौकोनी सूर्य चौकोनी डोंगरामागे चालला होता, आभाळ जांभळट पडलं होतं, आणि दिवसभर राबून उभारलेल्या माझ्या लाकडी खोपटात मी समाधानानं उभी होते. घर म्हणजे चार भिंती, वर छप्पर, कोपऱ्यात एक पेटी. दार मात्र झकास होतं. ते मी हौसेनं बनवलं होतं आणि हौसेनंच सताड उघडं ठेवलं होतं. थोड्या वेळानं त्या दारातून एक हिरवट चेहऱ्याचा माणूस हात पुढे करून, कण्हत कण्हत आत आला. मला वाटलं शेजारी असेल. खरंच वाटलं. मी त्याच्याकडे पाहत राहिले आणि त्यानं मला मारून टाकलं.

हेडफोनमधून माझा धाकटा भाऊ ओरडत होता, "ताई, दार! अवं, दार लाव ना! दार काऊन उघडं ठेवलं?"

"दिवेलागण होऊन राह्यली ना रे," मी म्हणाले. "या वखती दार लावते काय कोणी?"

तो असा हसला, की कॅनडातल्या त्याच्या बाजूच्या खोलीतल्या माणसानं भिंतीवर थाप मारली.

आमचं घर वर्ध्यापुढं, सेलूजवळच्या एका खेड्यात. भाजीपाल्याची शेती. वांगी, भेंडी, पालक आणि सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. आईचे नियम पुष्कळ होते, पण न मोडणारा एकच. "दिवेलागणीले दार लावू नोको, लक्ष्मी माघारी जाते." मग थंडीनं दात वाजोत, डास फोडून काढोत, कुत्रं आत शिरून भाकर घेऊन जावो, दार उघडंच. एकदा शेजाऱ्यांचं वासरू सरळ चुलीपर्यंत आलं, तर आईनं त्याला हाकलायच्या आधी हात जोडून घेतले. न जाणो! लक्ष्मी काही आमच्याकडे आली नाही, निदान मुक्कामाला तरी नाही. पण सवय अंगात मुरली. चाळिशीला टेकले तरी आर्वीच्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी दिवेलागणीला दार उघडं ठेवते. डास तेवढे नेमानं येतात.

आर्वीला मी एका जिनिंगच्या ऑफिसात काम करते. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, रुईचे तंतू केसांत अडकून मी म्हातारी दिसायला लागते आणि जेवायलाही फुरसत नसते. बाकीचे महिने पंख्याचा आवाज ऐकत बसायचं. लग्न झालं नाही. का झालं नाही ते माझ्या मावशीला विचारा, तिला या विषयाची माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. खोली एसटी डेपोच्या मागे, वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर माणसांची ये-जा, पण सिलिंडरवाला सोडला तर माझा जिना कोणी चढत नाही. याचं मला वाईट वाटत नाही असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आले. वाटतं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर कुलूप उघडताना रोज वाटतं.

भाऊ माझ्याहून बराच लहान, जवळजवळ माझ्याच कडेवर वाढलेला. एका जागी बसणं त्याला ठाऊक नव्हतं. लहानपणी आम्ही सगळे गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला गेलो होतो. तिथं सुपारीएवढे गोल गोल दगड सापडतात. पीरबाबांच्या शब्दानं एका व्यापाऱ्याच्या मालाचेच दगड झाले असं लोक सांगतात. आम्ही चादर चढवून मागे वळतो तो पोरगा गायब. आईनं टेकडी डोक्यावर घेतली. शेवटी तो पलीकडच्या उतारावर सापडला, दोन्ही खिसे दगडांनी भरलेले आणि त्या वजनानं चड्डी गुडघ्यापर्यंत उतरलेली. रडत वगैरे अजिबात नव्हता. आम्ही त्याला शोधलं याचाच त्याला राग आला होता.

असा पोरगा कॅनडाला जाणार यात नवल नव्हतं. तो तिकडे काहीतरी कोर्स करून एका मोठ्या गोदामात नोकरीला लागला, आणि बाबांनी सेलूच्या बाजारात भाजीच्या ढिगामागे बसून ही बातमी पसरवायला घेतली. पावशेर वांगी घेणाऱ्यालाही त्यांच्याकडे कॅनडा फुकट मिळत होता.

तो गेल्यावर आमचे फोन सुरू झाले. "जेवली का?" "जेवली. तू?" "हो." "थंडी हाय?" "हाय." मग नुसती शांतता. आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो हे तेव्हा लक्षात आलं. आम्ही नुसते सोबत असायचो. धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांच्या मधल्या बांधावर बसून बोरं खायची, बिया कोण लांब थुंकतो ते पाहायचं, एवढंच. ते फोनवर कसं करणार?

"ताई, बोलाले काई नाई तं खेळून तं पाहू," तो एक दिवस म्हणाला.

ठोकळ्यांचा तो खेळ जगभरची पोरं खेळतात. त्यात जिंकणं नाही, हरणं नाही. तुम्हाला एका माळावर रिकाम्या हातानं सोडून देतात, आणि जगा म्हणतात. झाड तोडायचं, लाकडाची हत्यारं करायची, त्यांनी दगड फोडायचा, दगडातून कोळसा काढायचा, कोळशाच्या मशाली करायच्या. भूक लागते. अंधार पडतो, आणि अंधार असेल तिथं मेलेली माणसं, हाडांचे तिरंदाज, गाढवाएवढे कोळी असं काय काय जन्माला येतं. खाली, जमिनीच्या पोटात, आगीची वेगळी दुनिया आहे म्हणे. भाऊ तिकडे जाऊन आला. मी वरच्या दुनियेतच राहिले. वर आभाळ तरी होतं, मेंढ्या होत्या, पाऊस पडायचा.

ही दुनिया आमच्या दोघांचीच होती. भावानं ती अशी ठेवली होती की आमच्यापैकी कोणीही कधीही आत जावं. माझी दिवेलागण म्हणजे तिकडची सकाळ. मी ऑफिसातून येऊन चहा ठेवायची, दार उघडं टाकायची आणि लॅपटॉप मांडून बसायची. तो ड्युटीला निघायच्या आधी यायचा. तो डोंगर ओलांडायचा, बर्फात जायचा, होड्या करून समुद्र पालथा घालायचा. मी पहिल्याच आठवड्यात पाण्याकाठी वावर काढलं.

गहू पेरला. दोन पट्ट्यांच्या मधे धुरा सोडला. भाऊ कुठूनतरी समुद्रापारहून परत आला आणि पाहतच राहिला.

"अवं, बाजूले कोणाचं वावर हाय इथं? धुरा कोणासाठी सोडला?"

"बसाले," मी म्हणाले.

त्या खेळात बसता येत नाही. फार तर गुडघ्यात वाकता येतं. मग त्याचा ठोकळ्यांचा माणूस आणि माझी ठोकळ्यांची बाई धुऱ्यावर वाकून राहायचे आणि आम्ही काहीएक न बोलता गव्हाकडे पाहायचो. तेव्हाच त्यानं मला सांगितलं होतं, "ताई, इथं कोणी जवळ असलं तंच पीक वाढते. आपण दूर गेलो का जसंच्या तसं थांबते." मला त्यात नवीन काही वाटलं नाही. मालकाचा पाय वावरात पडला नाही तर पीक मान टाकतं, हे बाबा आम्हाला जन्मल्यापासून ऐकवत आले होते.

दारावरून मात्र आमचं रोजचं भांडण. तो लावायचा, मी उघडायची. तिथला दिवस आपला चहा उकळून गार होईपर्यंत संपतो, त्यामुळे दिवेलागणही वारंवार यायची आणि भांडणही. "मरशील ना अवं!" "मरन तं मरन." मी मरायची. पेरणीचं बी, कुदळ, सगळं सांडायचं, ते गोळा करत तो मला शिव्या घालायचा. आणखी एक गंमत होती. पलंगावर झोपलं की रात्र टळते, पण दोघं आत असतील तर दोघांनीही झोपावं लागतं. एकानं झोपून भागत नाही. तो बहुधा दूर कुठल्या खाणीत असायचा. मग मी पलंगावर पडून ओरडायची, "झोप ना रे बाप्पा, रात्र सरून नाई राह्यली!" आणि तो तिथंच एक पलंग टाकायचा, आणि लख्ख उजाडायचं.

माझ्या आयुष्यातल्या बऱ्या संध्याकाळी मोजायला बसले तर त्यातल्या बऱ्याचशा त्या दुनियेतल्या निघतील.

मग त्याची ड्युटी बदलली. सकाळचीच पाळी आली. माझ्या दिवेलागणीला तो गोदामात आणि त्याच्या संध्याकाळी मी झोपेत. सुरुवातीला तो माझ्या दाराशी पाट्या लावून जायचा. "पेटीत कोळसा ठेवला हाय." "मेंढ्यायच्या कुंपणाले फट होती, बुजवली." मीही उलट पाटी लावायची. "जेवला का?" दुसऱ्या दिवशी खाली "हो." फोनवर बोलायचो तेच पाट्यांवर आलं, तरी मला ते पुरत होतं. हळूहळू पाट्याही विरळ झाल्या.

एकटीनं त्या दुनियेत राहणं वेगळंच असतं. दोघं असताना मला कधी ऐकू न आलेले आवाज ऐकू यायला लागले. पाण्याचा आवाज. जमिनीखालून कुणीतरी कण्हल्याचा आवाज. माझ्याच पावलांचा आवाज. एक दिवस मला माझाच राग आला. हा पोरगा जग हिंडला, आणि मी काय म्हणून गहू राखत बसले? भाकरीऐवजी तिथं पाव करता येतो, तो बांधून घेतला, मशाली घेतल्या आणि निघाले.

फार सुंदर मुलूख होता. पळसासारखी दिसणारी नव्हे, अगदीच वेगळी, गुलाबी फुलांची झाडं होती. दरी होती, तिच्या तळाशी आग वाहत होती. मी डोळे भरून पाहत गेले, "अरे हे पाह्य!" असं तोंडानं म्हणालेही, आणि मग आठवलं की ऐकणारं कोणी नाही. मागे वळले तर घर कोणत्या बाजूला तेही कळेना. सगळे डोंगर सारखेच चौकोनी. अंधार पडायला लागला. मी एका डोंगराच्या कुशीत माझ्यापुरतं भोक खणलं, आत शिरले आणि भोकाच्या तोंडाशी माती लावून घेतली. त्या दुनियेत मी दार लावलं ते एवढंच. आत एक मशाल, मी आणि चारी बाजूंना माती. बाहेर कोणीतरी फिरत होतं. इकडे खोलीत माझा चहा गार झाला होता आणि डेपोत आर्वी-वर्धा गाडीची घोषणा चालू होती. मला रडू आलं. खेळात हरवले म्हणून रडणारी चाळिशीची बाई दिसते कशी, हे पाहायला आरशाकडे जावं असंही वाटलं, पण नाही गेले.

घर सापडलं ते फार भटकल्यावर. त्यानंतर मी घरामागच्या टेकडीवर उंच खांब उभारला आणि वर मशाली लावल्या, गिरडची टेकडी कशी लांबून दिसते तशी कुठूनही दिसावी म्हणून. पाटीवर लिहिलं, "मी हरवली होती. आता खांब बांधला." त्या पाटीखाली उत्तर आलं नाही.

फोनवर विचारलं तर म्हणाला, "मस्त चालू हाय, ताई. कामात हावो." आईलाही मस्त. बाबांनाही मस्त. बाबा तो मस्त घेऊन सरळ बाजारात जायचे. मला संताप आला. कामात आहे म्हणे! मी काय डेपोच्या बाकावर बसलेली सवारी आहे, गाडी लागली की सांगा म्हणणारी? मी खेळ बंद केला. कापसाचा हंगाम होता, ऑफिसात मरायला वेळ नव्हता, तेवढं निमित्त मला पुरलं. संध्याकाळी दार उघडं टाकून मी नुसती बसायची.

हंगाम ओसरल्यावर एक दिवस राहवेना म्हणून आत गेले.

आत दिवेलागणच होती. पण अंधार कुठंच पडत नव्हता. घराभोवती, धुऱ्यावर, मेंढ्यांच्या कुंपणावर, टेकडीच्या पायवाटेनं थेट खांबापर्यंत मशालीच मशाली. पावलापावलाला एक. एवढा कोळसा काढायला माणसाला किती काळ जमिनीखाली खपावं लागतं ते मला ठाऊक होतं. अंधारच नाही तर काही जन्माला येणार नाही, काही जन्माला आलं नाही तर काही आत येणार नाही. आणि घराचं दार सताड उघडं होतं. जन्मभर ते लावत फिरणाऱ्यानं ते उघडं ठेवलं होतं.

पाटी नव्हती. गहू मात्र पिकून सोन्यासारखा उभा होता. मी सोडून गेले तेव्हा तो बोटभर होता.

मी गहू कापला, पुन्हा पेरला आणि बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तो पुन्हा पिकलेला. पुन्हा कापला, पेरला. पुन्हा पिकलेला. पेटीतली एकही वस्तू हललेली नव्हती, नवीन एक दगड लागलेला नव्हता. म्हणजे कोणीतरी रोज येत होतं आणि गहू पिकेपर्यंत काहीएक न करता वावराजवळ उभं राहत होतं. गिरडच्या टेकडीवर ज्याला पाच मिनिटं थांबवता आलं नाही, तो पोरगा एका जागी उभा राहत होता. पहिल्यांदा बरं वाटलं. मग मला भेव वाटलं.

चोर पकडायचा तर चोराच्या वेळेला जायला पाहिजे. मी दुपारीच सुटी काढून खोलीवर आले. कॅनडात अजून उजाडलेलं नव्हतं. आत गेले तर त्याचा माणूस धुऱ्यावर वाकून गव्हाकडे पाहत होता.

खाली अक्षरं उमटली, "ताई?"

मी लिहिलं, "नाई, लक्ष्मी. दार उघडं दिसलं म्हणून आली."

मग फोन वाजला. तापातून उठलेल्या माणसासारखा आवाज होता. गोदामातली माणसं कमी केली, त्यात याचं नाव होतं. कधीचंच. बाजूच्या खोलीतला सोबती दुसऱ्या गावी गेला होता. हा दिवसभर झोपायचा, जागा झाला की या दुनियेत येऊन उभा राहायचा, आणि माझी यायची वेळ झाली की निघून जायचा.

"माह्या वेळेले काऊन नाई आला?"

"तुले आवाजावरून कळलं असतं."

"आणि इथं येऊन करतो काय तू?"

"काई नाई. तुह्यं वावर पाहतो. इथं कोणीतरी राह्यते असं वाटते."

मला एवढंच कळलं की आपण इकडे एकटेपणाचं भांडवल करत बसलो आणि त्याचं तिकडे आपल्याहून जास्त साचलं होतं. मी म्हणाले, "घरी ये."

"कोणत्या तोंडानं येऊ? बाबानं पुऱ्या बाजाराले सांगतलं."

बाबांनी खरोखरच पुऱ्या बाजाराला सांगितलं होतं.

रविवारी मी गावी गेले. बाबा ओट्यावर वांग्यांची प्रतवारी करत होते, किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. आई दारात बसली होती. दिवेलागण झाली, तुळशीपाशी दिवा लागला, डासांनी हल्ला केला. मी सगळं सांगितलं. गोदाम, खोली, दिवसाची झोप. खेळाचंही सांगितलं, जमेल तसं. बाबांचे हात थांबले होते.

अंधार चांगलाच पडला तरी आई उठेना. मी म्हणाले, "आई, दार लाव ना आता. लक्ष्मी यायची तं येऊन गेली असन."

"लक्ष्मीले यायचं असन तं खिडकीतूनबी येईन," आई म्हणाली. "लक्ष्मीसाठी ठेवतो काय मी दार? घरचं माणूस बाहीर असलं का दार लावू नाई. माह्या सासूनं मले हेच सांगतलं होतं. तुमाले लहानपणी लक्ष्मीचं नाव सांगतलं, कारण तुमी पोट्टे दुसरं काई ऐकत नव्हते."

बाबांनी एक वांगं उचललं, फिरवून पाहिलं आणि चांगल्यांत टाकलं. "तोडणीले माणूस भेटून नाई राह्यलं," ते म्हणाले. "येऊ दे त्याले." मग थोड्या वेळानं, आईकडे न पाहता, "पण बाजारात काय सांगू?"

"सांगजा, थंडी लय होती," आई म्हणाली.

मी आर्वीला परतल्यावर पुन्हा दुपारीच आत गेले. तो होताच. आईचं बोलणं मी शब्दन् शब्द लिहून काढलं, खिडकीपासून थंडीपर्यंत. शेवटी लिहिलं, "दार उघडं हाय. येजो."

तिथं रात्र पडली होती, पण मशालींमुळे वावर दिवसासारखं दिसत होतं. मग त्याचा माणूस धुऱ्यावरून उठला, उघड्या दारानं आत गेला आणि माझ्या शेजारच्या पलंगावर आडवा झाला. मीही झोपले. उजाडलं.

तो आला. तिकीट, कागद, खोलीचा हिशेब यात थोडे दिवस गेले, पण आला. आता वांगी तोडतो, बाबांबरोबर सेलूच्या बाजाराला बसतो आणि थंडी कशी होती ते गिऱ्हाइकांना रंगवून सांगतो. बाबा त्यात भर घालतात. माझा भाऊ धड आहे, जेवला आहे, उन्हात उभा आहे, हे मला रोज कळतं. कारण त्या दुनियेतला गहू आता वाढत नाही. मी पेरून जाते, दुसऱ्या दिवशी तो जसाच्या तसा बोटभर असतो. पहिल्यांदा तो तसा दिसला तेव्हा मी आनंदानं हसले होते.

आनंद खराच होता. पण हसू ओसरल्यावर लक्षात आलं की आता इथं मी एकटीच. तो घरी गेला आणि मी त्या वरच्या दुनियेत, चोहीकडे मशाली, दार उघडं, आणि गहू पिकावा तर मलाच उभं राहायला पाहिजे. तरी मी जायची. ऑफिसातून येऊन चहा ठेवायची, खोलीचं दार उघडायची, खेळातलं दार उघडं आहे का पाहायची आणि धुऱ्यावर वाकून राहायची.

अशाच एका संध्याकाळी त्याचा फोन आला. मागून भांड्यांचा आवाज येत होता, बाबांचं खोकणं येत होतं.

"ताई, तुह्या आईले समजाव जरा," तो म्हणाला. माझ्या आईला, म्हणे! चिडला की ती नेहमी माझीच असते. "डास फोडून काढून राह्यले. मी तं कधीचा घरात येऊन बसलो, बाबाबी आले, जेवणं झाली. तरी दार लावून नाई राह्यली."

"काऊन?"

"मीबी तेच विचारलं. तं म्हणते, अजून एक जण बाहीर हाय."

थोडा वेळ आम्ही दोघं तसेच गप्प राहिलो, धुऱ्यावर राहायचो तसे.

शनिवारी मी ऑफिसातून लवकर निघाले आणि डेपोत उभ्या असलेल्या वर्ध्याच्या गाडीत जाऊन बसले.